शोषलं नाही म्हणजे सोसत नाही, असं नसतं

धडगाव-मोलगीकडच्या एखाद्या पाड्यावरचं सहा किलोचं, तीव्र कुपोषित बाळ डोळ्यांसमोर आणा. जुलाब सुरू होऊन दोन आठवडे उलटलेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्याला पचते का? पुस्तकी उत्तर आहे हायड्रोजन श्वास चाचणी. माझी तक्रार या चाचणीबद्दल आहे.

तत्त्व छान आहे. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यातल्या अंकुरांच्या टोकाशी असतं. कुपोषण आणि संसर्गात तीच टोकं आधी झिजतात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

गडबड आहे मात्रेत. किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे आपल्या बाळाला 12 ग्रॅम लॅक्टोज एकदम पाजायचं. आता उपचाराच्या सुरुवातीला देतात ते एफ-75 दूध बघा. त्याच्या 100 मिलीत साधारण 1.3 ग्रॅम लॅक्टोज असतं. किलोमागे 130 मिली धरलं तर अख्ख्या दिवसाचं होतं 10 ग्रॅम, तेही दर दोन तासांनी थोडं थोडं. म्हणजे दिवसभराहून जास्त साखर एकाच वेळी पाजून आपण म्हणतो, 'शोषण झालं नाही'!

शिवाय चाचणीआधी बाळाला उपाशी ठेवायचं. अशा बाळाची रक्तातली साखर पटकन उतरते, म्हणूनच तर त्याला रात्रीसुद्धा भरवतात. त्यात प्रतिजैविकं सुरू असतील तर हायड्रोजन करणारे जीवाणूच कमी होतात आणि दोष असूनही चाचणी 'ठीक' म्हणते.

हा फक्त पद्धतीचा वाद नाही. 'दूध पचत नाही' हे ऐकून आईनं अंगावरचं पाजणंही थांबवलं, तर बाळाचं हक्काचं अन्न जातं. काही बाळांना लॅक्टोज खरंच सोसत नाही, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेची चिवट जुलाबासाठीची पद्धत पायरीपायरीची आहे: स्तनपान चालूच, वरचं खाणाऱ्या बाळाला आधी कमी लॅक्टोजचा आहार, जसं दही किंवा धान्यात मिसळलेलं दूध, त्यानं भागलं नाही तरच लॅक्टोज पूर्ण बंद. निकाल कळतो वजनकाट्यावर आणि जुलाबांच्या नोंदीत.

म्हणून असा शोधनिबंध हाती आला, की 'इतके टक्के बाळांना लॅक्टोज पचत नाही' या वाक्याआधी दोन गोष्टी शोधा: किती पाजलं होतं, आणि नेहमीच्या आहारावर बाळाचं वजन वाढत होतं का?