शुश्रूषा करणारे मूल : आत्मपर गद्यातील एक अनुल्लेख

मराठी आत्मपर गद्यात आजारी वा अपंग माणसाच्या सान्निध्यात वाढणारे मूल अनेकदा भेटते. त्या मुलाने केलेले काम मात्र क्वचितच भेटते.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी सांगितलेली बालपणीची एक आठवण या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. घरात एक अंध वृद्ध राहत असे. मुले त्याला काका समजत. कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्याच्या निधनाची वार्ता आली, परंतु घरात सुतक पाळले गेले नाही. मुलाने कारण विचारले तेव्हा आईकडून कळले, की तो नात्यातला नव्हताच. आठवणीचा सारा भर या उलगड्यावर आहे, आणि तो यथार्थही आहे. नात्याचा विधी झाला नाही म्हणूनच परक्याला आपले मानणारे घर मुलाला उमगते. तथापि अंध माणसाला परसात नेणे, त्याच्यापुढे ताट ठेवणे, वाटेतली वस्तू उचलणे ही कामे तेथे कोणी ना कोणी नित्य करीतच असले पाहिजे. त्यांत मुलांचा वाटा किती, याविषयी आठवण मौन बाळगते. औदार्याचे श्रेय घराला मिळते, श्रम निनावी राहतात.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त ही प्रवृत्ती अधिक करुण रूपाने दिसते. आईच्या अखेरच्या दुखण्यात श्याम शिक्षणासाठी दूर आहे. घरी धाकटा पुरुषोत्तम आहे. शुश्रूषेला मावशी येते. पुस्तकातला शोक हा दूर राहिलेल्या मुलाचा शोक होय. जवळ राहिलेल्याने काय पाहिले, त्याला भय वाटले की कंटाळा आला, हे त्याच्या तोंडून ऐकू येत नाही. छापलेल्या बेचाळीस रात्रींपैकी एकही रात्र त्याची नाही. हा गुरुजींचा दोष म्हणता येणार नाही. लेखणी बहुधा दूर गेलेल्याच्या हाती येते. उशाशी बसलेल्याला तेवढी उसंत कोठली?

मूळ गुजराती असूनही या दोन्ही लेखकांच्या पिढीने घरचीच मानलेली गांधीजींची आत्मकथा येथे तुलनेस घेणे उद्बोधक ठरेल. वडिलांच्या जखमेची मलमपट्टी करणे, औषध देणे, घरी करावयाची औषधे तयार करणे, रोज रात्री पाय चेपणे अशी कामांची नोंदच तेथे आहे. सोळा वर्षांच्या मुलाचे मन पाय चेपताना शयनगृहाकडे धाव घेई, ही कबुलीही आहे. १८८५ साली वडिलांचा अंत झाला त्या क्षणी तो जवळ नव्हता. या कथनाचा नैतिक रोख कोणास अतिकठोर वाटेल. परंतु सुटका हवीशी वाटणारे मूल त्यात आहे, आणि तेच अन्यत्र हरवलेले आहे.

अडचण ‘सेवा’ या शब्दातच असावी. पुंडलिकाच्या आख्यानाने मातापित्यांची सेवा इतकी उंचावर नेली, की देवालाही विटेवर तिष्ठत राहावे लागले. त्या उंचीवर सेवकाला थकवा येत नाही, त्याची शाळा बुडत नाही. ‘काम’ हा शब्द वापरला असता तर किती तास आणि कोणाच्या वाट्याचे, हे प्रश्न आपोआप उद्भवले असते.

कायद्याची भाषाही फारशी पुढे गेलेली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात काळजी घेणाऱ्याच्या व्याख्येत आईवडील आणि कुटुंबातील अन्य व्यक्ती येतात, मोबदला असो वा नसो. त्या अन्य व्यक्तीचे वय व्याख्या विचारीत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा अल्पवयीनांचा स्वतंत्र विचार केला.

पेण आणि रोहा तालुक्यांतून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत मागे राहिलेल्या अंथरुणाशी कोण बसते, याचे उत्तर आत्मचरित्रांत मिळण्याजोगे नाही. ते शोधावयाचे तर शाळेच्या हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणांपासून आणि त्या मुलांच्या तोंडच्या बोलीपासून आरंभ करावा लागेल.