कंपासाने आखलेली देवनागरी

अक्षरांच्या घडणीचे परीक्षण हा आमचा प्रांत नव्हे. सेमिनरीत आम्ही अक्षरे वाचावयास शिकलो. ती घडतात कशी, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. परंतु गेल्या उपवासकाळात जामनेर येथे एका लहानशा प्रार्थनापुस्तिकेने तो करावयास लावला. पुस्तिकेसाठी आम्ही ‘पॉपिन्स’ नावाचा फाँट निवडला होता. त्याच्या गुणदोषांचा हा अल्प विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॉपिन्स हा फाँट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी रेखाटली आहे, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी. त्याचे कुळ मात्र युरोपातले. १९२७ साली जर्मनीत पॉल रेनर यांचा ‘फ्युतुरा’ हा टाइप बाजारात आला. वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेघ एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली, टोकांना शेपट्या नसलेली ती अक्षरे नव्या यंत्रयुगाला शोभून दिसली. १९६९ साली अपोलो ११ च्या यात्रिकांनी चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरील मजकूरही त्याच वळणाचा आहे.

रोमन लिपीतील ‘ओ’ कंपासाने सहज काढता येतो. देवनागरीचे तसे नाही. आपली अक्षरे बोरूच्या तिरप्या कापातून जन्मली. बोरू वळला की रेघ कोठे भरते, कोठे बारीक होते, आणि त्या चढउतारानेच डोळा अक्षर ओळखतो. पॉपिन्समध्ये रेघेची जाडी जवळजवळ एकसारखी आहे. अशा रेघेत देवनागरी बसविणे म्हणजे ओवी घड्याळाच्या ठोक्यावर गाण्यासारखे आहे. तरीही काळे यांनी हे काम समजून केले आहे, हे मान्य केले पाहिजे. एकसारखी रेघ जेथे दुसऱ्या रेघेला मिळते तेथे शाईचा गोळा झाल्याचा भास होतो. म्हणून अशा सांध्यांवर ती किंचित बारीक केलेली आहे. मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर अधिक विश्वास ठेवणाऱ्या कारागिराचेच हे लक्षण होय. ‘व’, ‘ठ’, ‘ळ’ यांसारखी मुळातच गोल अक्षरे या वळणात विशेष खुलतात.

दुसरा गुण शेजारधर्माचा. देवनागरी अक्षराची उंची आणि रोमनमधील उंच दांड्याची उंची येथे समान राखली असून रोमन मोठी अक्षरे त्याहून थोडी बुटकी ठेवली आहेत. त्यामुळे मराठी ओळीत इंग्रजी नाव आले तरी ते ओरडत नाही. जाडीचे नऊ प्रकार आहेत आणि फाँट सर्वांना विनामूल्य वापरता येतो. शीर्षके, लग्नपत्रिका, सणाचे फलक, मोबाइलच्या पडद्यावरील चार ओळींची सूचना या कामी त्याचा प्रसन्नपणा उपयोगी पडतो.

मग आमच्या पुस्तिकेचे काय झाले? पाने कमी व्हावीत म्हणून आम्ही अक्षर लहान घेतले आणि देखणे दिसावे म्हणून बारीक जाडीचे घेतले. पहिल्याच शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत एक वृद्ध मावशी अडखळल्या. नंतर त्यांनी पुस्तिका पुढे करून विचारले, “फादर, हा ‘भ’ आहे की ‘म’? मला तर ‘प्रमू’ दिसतं.” मावशींना प्रार्थना मुखोद्गत होती, तरी हाती पुस्तक असल्याने त्या स्वतःच्या स्मरणावर अविश्वास दाखवीत होत्या. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत अंतर असते ते डोक्यावरच्या एका लहानशा गाठीचे. तीच नाजूक झाली की म्हातारे डोळे फसतात.

दोष अर्थात प्रथम आमचा. फाँट लहान व बारीक घ्या, असे त्याच्या कर्त्याने सांगितले नव्हते. तरीपण आमचे मत असे की, सलग दहा पाने वाचावयाच्या मजकुराला हे वळण मानवत नाही. सारी अक्षरे एकाच वर्तुळाच्या नात्यातली झाली की ती एकमेकांसारखी दिसू लागतात. वाचनाला मात्र अक्षराअक्षरांतला भेद हवा असतो.

वाचकहो, फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ओवीला आपल्या लिपीचा पेहराव मिळाला नाही. पुढे १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्यावर मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. आज लिपी आपलीच आहे. ती कोणत्या मापाने मोजली जाते, एवढेच पाहावयाचे आहे. पॉपिन्सची देवनागरी परकी नव्हे, पण तिचे माप बोरूचे नाही.

म्हणून पुस्तिका आम्ही पुन्हा जुळविली. शीर्षके पॉपिन्सचीच ठेवली. प्रार्थनांना बोरूच्या वळणाचा जाडबारीक टाइप घेतला, आकार वाढविला आणि ओळींत अंतर सोडले. पाने आठ वाढली, खर्चही वाढला. आपल्या धर्मग्रामांतून पत्रके काढणाऱ्या तरुणांना आमची एवढीच विनंती आहे : फाँट पसंत करण्यापूर्वी त्यात छापलेले एक पान घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या हाती द्यावे आणि ते मोठ्याने वाचावयास सांगावे.