गणिताच्या उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन : वस्तुनिष्ठता आणि सातत्य

गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. त्यामुळे या विषयाचे गुणदान आपोआप वस्तुनिष्ठ होते, असा समज शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. उच्च माध्यमिक स्तरावर हा समज टिकत नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. काहींनी तिला ९० पेक्षा अधिक गुण दिले, तर एकाने ३० पेक्षाही कमी. विषय गणिताचा असूनही एवढी तफावत पडली, हेच या अभ्यासाचे महत्त्व होय.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागात पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हे जिल्हे येतात. विज्ञान शाखेच्या गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची असून परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी तपासणीची उतरंड आहे. नमुना उत्तरे व गुणदान योजना हा तिचा आधार. तथापि नमुना उत्तर बरोबर मार्ग दाखविते. चुकलेल्या मार्गाचे मोल कसे करावे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होत नाही.

उदाहरणार्थ, छेदात क्ष² + ६क्ष + १३ असलेले, तीन गुणांचे संकलन घ्यावे. पूर्ण वर्ग करताना विद्यार्थ्याने ४ ऐवजी ९ हा स्थिरांक लिहिला आणि पुढील सर्व पायऱ्या त्यानुसार अचूक केल्या. एक परीक्षक अंतिम उत्तर चुकले म्हणून एकच गुण देईल. दुसरा चूक एकदाच मोजून दोन गुण देईल. दोघेही प्रामाणिकच असतील. येथे न्याय्य कसोटी अशी सांगता येईल : चुकीमुळे उर्वरित काम सोपे झाले नसेल, तर तिची वजावट एकदाच व्हावी. मात्र स्थिरांक गाळून केवळ (क्ष + ३)² उरला असेल, तर संकलन फारच सोपे होते. तेथे पुढील गुण पूर्ण देणे योग्य नव्हे. मॅट्रिक्सच्या ‘रिडक्शन’ पद्धतीने समीकरणे सोडविण्यास सांगितले असता अन्य पद्धतीने काढलेल्या अचूक उत्तराबाबतही असाच पूर्वनिर्णय आवश्यक आहे.

तपासणीनंतरच्या उपायांचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. पुनर्मूल्यांकनाचा हक्क नाकारणारे मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरविले होते; परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरविले. पुढे २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ असल्याचा निर्णय झाला. आज मंडळाकडून छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या दोन्ही सोयी उपलब्ध आहेत.

ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे; परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. पुनर्मूल्यांकन अर्ज करणाऱ्याचेच गुण सुधारते. शुल्क भरणारा, मुदत ठाऊक असणारा आणि ज्याला छायाप्रत वाचून दाखविणारा शिक्षक लाभतो, तोच त्याचा लाभार्थी ठरतो. अकोले वा पाथर्डीसारख्या तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याला हे मार्गदर्शन मिळत नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेतील तीच विसंगती तशीच राहते. एनआयटी प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळातील अव्वल २० पर्सेंटाइलमध्ये स्थान अशी अट असता, सीमारेषेवर एका गुणानेही वाट बदलू शकते. शिवाय दुसरा परीक्षकही लिखित कसोटीविना तपासत असेल, तर एका मताच्या जागी केवळ दुसरे मत येते.

सारांश, न्याय्यतेची जागा निकालानंतर नसून पहिली उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वी आहे. गुणदान योजनेत पुढे वाहत जाणाऱ्या चुका व पर्यायी पद्धती यांचे निर्णय लेखी असावेत; सर्व परीक्षकांनी नावे झाकलेल्या काही समान उत्तरपत्रिका प्रथम तपासून गुणांतील फरकावर चर्चा करावी; आणि परीक्षकाने एका विद्यार्थ्याचा संपूर्ण गठ्ठा न तपासता सर्वांचा एकेक प्रश्न सलग तपासावा. यास वेळ लागेल हे खरे. तथापि तो वेळ वाचविण्याची किंमत आज जो विद्यार्थी अर्ज करू शकत नाही तोच मोजतो, आणि ती कोणत्याही गुणपत्रकावर दिसत नाही.