बत्तीस केव्हा मिळवायचे?

सेल्सिअसचे फॅरनहाइट कसे करायचे हे नववी-दहावीच्या मुलांना पाठ असते: ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. स्वाध्यायातली उदाहरणेही तशीच, आकडा घालून उत्तर काढण्याची. माझी तक्रार या उदाहरणांविषयी आहे. दिलेला आकडा कशाचा, हे ती सहसा विचारतच नाहीत.

हवामान खात्याचा (पुणेकरांच्या ‘सिमला ऑफिस’चा) उष्णतेच्या लाटेचा निकष घ्या. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवे. ४० चे १०४ फॅरनहाइट होतात, ठीक. मग त्याच सूत्राने ४.५ चे ४०.१ करायचे काय? पुण्यात एप्रिलचे सरासरी कमाल तापमान ३८ सेल्सिअस, म्हणजे १०० फॅरनहाइटच्या आसपास असते. त्यात ४० मिळवले तर १४०, म्हणजे ६० सेल्सिअस! पुणे एवढे कधीच तापलेले नाही.

खरे उत्तर ८.१. बर्फ वितळतो तेथे एका पट्टीवर शून्य असते, दुसरीवर ३२. दोन तापमानांची वजाबाकी केली की हे ३२ उडून जातात; उरतो तो अंशाच्या आकारातला फरक, ९/५. केल्विनमध्ये तर ४.५ चे ४.५च राहतात, २७३ चा संबंधच नाही.

वर्गात एवढेच विचारून पाहा: ताप १०२ फॅरनहाइटवरून १०० वर आला, तर सेल्सिअसमध्ये किती उतरला? उत्तर १.१. सूत्रात थेट २ घालणाऱ्याला उणे १६.७ मिळेल. तो तेथे थबकतो, की पुढचे गणित सोडवू लागतो?