शूर्पणखा-प्रसंग : वाल्मीकी आणि दूरचित्रवाणी

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये प्रसारित झाली. पंचवटीतील शूर्पणखेच्या विरूपीकरणाचा प्रसंग तीत कसा हाताळला आहे, याचा विचार नाशिकच्या अभ्यासकांनी तरी करावयास हवा. कारण लोकसमजूत या नगरीचे नावच त्या नासिकाच्छेदाशी जोडते.

वाल्मीकींनी अरण्यकांडात शूर्पणखा कुरूप राक्षसी म्हणूनच वर्णिली आहे. राम सुमुख, ती दुर्मुखी. तो सुकेश, ती ताम्रकेशी, अशा विरोधी विशेषणांच्या जोड्यांनी कवी तिचा उपहास करतो. मात्र रामलक्ष्मणांची थट्टा तिला उमगली नाही, हेही तोच नमूद करतो. ती सीतेवर धावून जाताच, क्रूरांशी परिहास करू नये, असे राम लक्ष्मणाला बजावतो. अनर्थाचे मूळ थट्टेत होते, ही कबुली अशा रीतीने संहितेतच आहे.

मालिकेने येथे तुलसीदासांचा मार्ग पत्करला. तिची शूर्पणखा मोहक रूप धारण करून येते. निवेदकाच्या विशेषणांतील उपहास दृश्यात आणणे कठीण, म्हणून ही निवड समजण्याजोगी आहे. तिला परंपरेचा आधार असल्याने तीस विपर्यासही म्हणता येणार नाही. परंतु तिने प्रसंगाचा तोल पालटतो. कपट सर्वस्वी शूर्पणखेकडे गेले की थट्टेचा दोष दिसेनासा होतो आणि शिक्षा निर्विवाद ठरते.

रूपांतराची कसोटी केवळ घटनाक्रमाशी इमान ही नव्हे. मूळ कवीने वाचकाच्या मनात ठेवलेली अस्वस्थता टिकली काय, हा खरा प्रश्न होय. या कसोटीस प्रस्तुत प्रसंग उणा पडतो, असे आमचे मत आहे.