प्रवेशाआधीचा षड्ज

हैदराबादच्या मराठी घरांत गाणं शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. काचीगुडा असो, सुलतान बाजार असो की कुकटपल्लीतली नवी संकुलं, संध्याकाळी कुठून तरी पेटीवर भूप ऐकू येतो. बारावीच्या वर्षी यांतली एखादी मुलगी घरी सांगते, मला गाण्यातच पदवी घ्यायची आहे. आईवडील आधी दचकतात, मग सावरतात आणि म्हणतात, ‘बरं आहे, मध्यमा पूर्ण झालेलीच आहे, विशारदचा फॉर्म भरलाय, तयारी तर आहेच.’ या शेवटच्या वाक्याशी माझा वाद आहे. परीक्षा झाल्या म्हणजे विद्यापीठात गाणं शिकण्याची तयारी झाली, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि तिनं चांगल्या गळ्यांचं नुकसान केलं आहे.

परीक्षांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गाच्या घरात आणलं. त्यांच्या निधनानंतर १९३१मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची मंडळाच्या परीक्षांची ही शिडी नसती, तर महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी मराठी मुलांना क्रमानं काही शिकायलाच मिळालं नसतं. पण शिडीचा हिशेब रागांच्या संख्येवर चालतो. या वर्षी इतके राग, पुढच्या वर्षी आणखी इतके. प्रत्येकात एक बंदिश, चार आलाप, पाच-सहा ताना, त्याही वहीत लिहून दिलेल्या. मुलगी वीस रागांतल्या छोट्या ख्यालांची नावं धडाधड सांगते आणि यमनचा विलंबित एकताल लावला की दुसऱ्याच आवर्तनात तिची शिदोरी संपते. अठ्ठेचाळीस मात्रांचं ते आवर्तन तिला मोकळं मैदान वाटत नाही, ओलांडायचा ओढा वाटतो. मग ती घाईनं तानांकडे वळते, कारण ताना पाठ आहेत. प्रवेशाच्या वेळी समोर बसलेल्या जाणकाराला हे कळायला दोन मिनिटं पुरतात.

स्वरलिपीचीही एक गंमत आहे, तिची किंमत मुलं मोजतात. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब दिलं की तो मंद्र सप्तकातला, आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचं टिंब तार सप्तकाचं, मंद्राचं टिंब खाली. एका पद्धतीत वाढलेलं मूल दुसरी पद्धत चालवणाऱ्या विभागात गेलं की त्याच टिंबाचा अर्थ उलटा होतो. हे आधी पंधरा दिवस बसून शिकण्यासारखं आहे. कुणी शिकवत नाही.

भातखंड्यांचं नाव निघालं, तर हैदराबादकरांनी एक गोष्ट अभिमानानं लक्षात ठेवावी. त्यांच्या क्रमिक पुस्तकांत प्रत्येक रागाखाली जे संस्कृत श्लोक येतात, त्यांतले ‘रागकल्पद्रुमांकुर’ आणि ‘रागचंद्रिका’ या ग्रंथांतले श्लोक काशिनाथ ऊर्फ अप्पा तुलसी यांचे आहेत, आणि हे अप्पा तुलसी हैदराबादचे. ज्या शास्त्राला आपली मुलं पाठांतराचं ओझं समजतात, त्यातला एक वाटा त्यांच्याच शहरात लिहिला गेला. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत लिहिली, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. प्रवेशाच्या तयारीला बाजारातली प्रश्नोत्तरांची गाइडं घेण्यापेक्षा या ग्रंथाची पन्नास पानं वाचावीत. विचार कसा करायचा, शंका कशी विचारायची, हे त्यातून समजतं.

आता शहराकडे पाहू. रामकोटला त्यागराजांच्या नावाचं सरकारी संगीत-नृत्य महाविद्यालय आहे, १९८५ साली स्थापन झालेलं तेलुगू विद्यापीठ आहे, हैदराबाद विद्यापीठातलं सरोजिनी नायडूंच्या नावाचं कलाविद्यालय नृत्य-नाट्यासाठी नावाजलेलं आहे. पण या शहराच्या शिक्षणाचा कणा कर्नाटक संगीताचा आहे आणि तसाच असायला हवा. हिंदुस्थानी गायनात पदवी घ्यायची म्हटली की मराठी घरांचे डोळे पुण्याच्या ललित कला केंद्राकडे, मुंबईकडे, बडोद्याकडे, फार झालं तर बनारस-खैरागडकडे लागतात. याची खंत करण्याऐवजी इथल्या मुलानं आपल्या जागेचा फायदा घ्यावा, असं मला वाटतं. शेजारच्या घरातली तेलुगू मुलगी मायामालवगौळात सरळी वरसा घोकते, ते स्वर आपल्या भैरवचे. तिचं मोहनम् म्हणजे आपला भूप, तिचं हिंदोळम् म्हणजे मालकंस. आपला हिंडोल मात्र निराळाच. हा शेजार पुण्याच्या मुलाला सहज मिळत नाही. आणि त्या मुलीच्या हातात ताल पाहा. ती मांडीवर टाळी देत गाते, लय तिच्या अंगात भिनलेली असते. आपली मुलं तबल्याच्या अॅपवर लय सोपवून मोकळी होतात. अॅप थांबलं की लयही थांबते.

तयारी म्हणजे नक्की काय, याचं माझं उत्तर छोटं आहे: षड्ज, लय आणि ऐकणं. यांत षड्जाविषयी थोडं जास्त बोलायला हवं. पट्टीचा प्रश्न आपण फार हलक्यानं घेतो. वर्गात दहा मुली काळी चारमध्ये गातात, म्हणून अकरावीही काळी चारमध्ये गाते. तिचा खर्ज लागतो की नाही, तार सप्तकातल्या गंधारावर गळा आवळतो का, हे कुणी तपासत नाही. मुलांचे हाल तर विचारूच नका. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, वर्गातली जुनी पट्टी झेपत नाही, आणि नेमकं तेव्हाच परीक्षेचं वर्ष म्हणून त्याच्याकडून ओढून-ताणून गाऊन घेतलं जातं. त्या वयात मुलाला वर्षभर खाली, पांढरी एकच्या आसपास, मंद्रात हळू गायला लावलं, तर अठराव्या वर्षी त्याच्यापाशी आवाज उरतो. नाही तर प्रमाणपत्र उरतं. पदवीचा अभ्यासक्रम आवाज घडवून देत नाही. वेळापत्रकात रियाझाचा तास नसतो. तीन-चार वर्षांत इतके विषय असतात की आधी जमवलेल्या आवाजावरच ती वर्षं काढावी लागतात.

या शहरात अनेक वर्षं राहिलेल्या मालिनी राजुरकरांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. १९४१मध्ये जन्मलेल्या मालिनीताई अजमेरला गणितात पदवीधर झाल्या, तीन वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून संगीत महाविद्यालयात ‘संगीत निपुण’ झाल्या. गोविंदराव राजुरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. वसंतरावांशी लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या. म्हणजे संस्था, शिष्यवृत्ती, पदवी हे सगळं त्यांनी घेतलं. संस्थेत गाणं शिकता येत नाही असं म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे. पण त्यांचा टप्पा ऐका. प्रत्येक दाणा सुटा, प्रत्येक सम अचूक, आणि कुठेही घाई नाही. ती स्वच्छता कुठल्याही प्रश्नपत्रिकेतून येत नाही. २००१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ६ सप्टेंबर २०२३ रोजी त्या गेल्या. त्या हयात असताना त्यांना समोर बसून ऐकण्याची संधी या शहरातल्या किती शिकणाऱ्या मुलांनी घेतली, हा विचार मला आजही बोचतो.

ऐकण्याची कमतरता हीच आजची खरी उणीव आहे. बडे गुलाम अली खाँसाहेबांनी १९६८मध्ये याच शहरात, बशीरबाग पॅलेसमध्ये शेवटचा श्वास घेतला. पंडित जसराजांचं बालपण इथे गेलं; वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी १९७२पासून इथे दरवर्षी संगीत समारोह भरवला. इतकं ऐश्वर्य पायाशी असताना आमचं मूल स्पर्धेतल्या तीन मिनिटांच्या नाट्यगीताच्या चित्रफिती पाहून गाणं ठरवतं. तीन मिनिटांचं गाणं ऐकणाऱ्याला चाळीस मिनिटांचा ख्याल मांडता येणार नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलाला गाण्यात पदवी घ्यायची असेल, तर दहावीनंतर दोन वर्षं नवी परीक्षा द्यायला लावू नका. चार राग पुरेत. रोज सकाळी अर्धा तास नुसता मंद्र षड्ज, पेटी बंद ठेवून, तानपुऱ्यावर. हातानं टाळी देत विलंबित. आठवड्यातून एक पूर्ण ख्याल, मध्ये न उठता, जमल्यास समोर बसून. आणि शहरातल्या आपल्या मराठी मंडळांनो, गणेशोत्सवातल्या गीतगायन स्पर्धेच्या बक्षिसांतले थोडे पैसे बाजूला काढा आणि दर महिन्याला एका गायकाची दोन तासांची बैठक ठेवा. पुढच्या रांगा या मुलांसाठी मोकळ्या ठेवा.