सुधाकर काम मागायला जातो

‘एकच प्याला’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती दारुड्या सुधाकराची बायको, जात्यावर दळण दळणारी सिंधू. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. तेव्हापासून प्रेक्षक रडत आला तो सिंधूसाठी. मला मात्र सर्वांत जिव्हारी लागतो तो सुधाकरानं दारू सोडल्यानंतरचा भाग.

कोर्टात अपमान झालेला, सनद निलंबित झालेला हा हुशार वकील दारुड्या तळीरामाच्या नादानं पहिला पेला घेतो. गडकरी त्याला मूर्ख ठरवत नाहीत. व्यसनाच्या एकेका अवस्थेत माणूस मागे का फिरत नाही, हे आपला मित्र रामलाल याला तोच पटवून देतो, तेही खटला चालवावा तसं मुद्देसूद. सगळं कळतं आणि वळत काहीच नाही, हे या संवादांतलं खरं दुःख.

तरीही तो एकदा वळतो. दारू सोडून काम मागायला निघतो. ओळखीचे प्रतिष्ठित लोक त्याची टिंगल करतात आणि हात हलवत परतलेला सुधाकर पुन्हा पेला उचलतो. पहिला पेला घेताना पुढचं दिसत नव्हतं. या वेळी सगळं दिसत असून तो पितो. म्हणून हा पेला जास्त भयंकर.

याच नाटकात दारू सुटलेला माणूसही आहे. प्रेमभंगानं पिऊ लागलेला भगीरथ आर्यमदिरामंडळ या दारुड्यांच्या मंडळात रामलालला भेटतो. रामलाल त्याला उपदेश करतोच, पण त्याला जवळ करून जगण्याला उद्देशही देतो. भगीरथ सावरतो. त्याचं सुधारणं जरा फारच झटपट उरकलंय, हे खरं. पण दोघांना शेजारी ठेवलं की गडकऱ्यांचा रोख कळतो: एकाला आधार मिळाला, दुसऱ्याला टिंगल.

हे आजही दिसतं. पुणे जिल्ह्यातला बारामती-इंदापूर हा साखरेचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क होतो. अशा मुलखात हे नाटक जुनं वाटत नाही. उपचार घेऊन गावी आलेल्याला टपरीवर “काय पाव्हणं, किती दिवस टिकतंय?” असं विचारणारे चौघं असतात, “उद्यापासून ट्रॅक्टरवर ये” म्हणणारा एखादाच. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानं उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतलं, ते उगीच नव्हे.

नाटकाच्या शेवटी सुधाकराच्या मारानं मरतानाही सिंधू फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवते आणि सुधाकर विष घेतो. हे नाटक दारूविरुद्ध आहेच. पण दारू सोडून दारात आलेल्याला हसणाऱ्या शहाण्यांवरही त्यात तितकाच कडक आरोप आहे, आणि प्रेक्षागृहात बसलेले बहुतेक जण त्या शहाण्यांपैकीच असतात.